शेवटच्या डब्यातली जागा

१

लातूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला जगातले सगळे प्रश्न ऐकावे लागतात. उत्तर मात्र एकच असतं, की गाडी येईल. दानम्मा हे उत्तर इतकी वर्षं देत आली होती, की झोपेत कुणी विचारलं असतं तरी तिनं फलाटाचा नंबर सांगितला असता. त्या उन्हाळ्यात लोक तिला पाण्याच्या गाडीचीही चौकशी करायचे. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. ते पेपरात होतं, टीव्हीवर होतं, फक्त नळाला नव्हतं. "बाई, पाण्याची रेल्वे कितीला लागती?" असं कुणी विचारलं, की ती खिडकीतून बोट बाहेर काढायची. "ते टेसन तिकडं. इथं नुसत्या माणसांच्या गाड्या."

तिचं रोजचं भांडण रुमालाचं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते आत टाकून जागा धरतात आणि निवांत उसाचा रस प्यायला जातात. परत येऊन बघावं तर त्यांच्या रुमालावर दुसराच कुणी ऐसपैस बसलेला. कंडक्टर सापडत नाही, मग सगळे दानम्माकडे. तिचं उत्तर इथंही ठरलेलं होतं. "रुमालानं जागा राहत न्हाई बाबा. माणूस लागतं."

त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं मोबाइल उघडला. 'आपलं जुनं लातूर' नावाच्या ग्रुपवर कुणीतरी जिल्हाबागेचे फोटो टाकले होते. नव्या पिढीला जिल्हाबाग ठाऊक नाही. उस्मानाबादेपासून तुटून लातूर स्वतःचा जिल्हा झाला, तेव्हा गावाला उतावळ्या नवऱ्यासारखं झालं होतं. कुठं कचेरी नाही, कुठं रस्ता नाही, पण डाळ मिलच्या एका मालकानं गावाबाहेर बाग उभी केली. सोंडेवरून घसरायचा सिमेंटचा हत्ती, वेडेवाकडे आरसे, नावा चालवायचं तळं आणि टण टण घंटा वाजवत तळ्याभोवती फिरणारी पोरांची आगगाडी. इंजिनावर रंगवलेलं होतं, 'नवा जिल्हा एक्सप्रेस'. पुढं दुष्काळ पडला, तळं आटलं, बागेला कुलूप लागलं. आता फोटोंखाली लोक 'गेले ते दिवस' लिहून उसासे टाकत होते.

दानम्मानं एक फोटो मोठा केला. तळं कोरडं ठक्क, नावा चिखलाच्या भेगांवर कलंडलेल्या, तरी आगगाडी पोरांनी खच्चून भरलेली. एकेकाच्या मांडीवर दोघं दोघं. शेवटच्या डब्यातल्या बाकावर मात्र कडेला एकच पोरगं होतं आणि त्याच्या शेजारी रिकामी जागा. त्या जागेवर रुमाल टाकलेला.

तिला हसूच फुटलं. 'तेव्हापासून ही खोड आहे बघा, रुमाल टाकून जागा धरलीय,' असं तिनं फोटोखाली लिहूनही टाकलं. मग मोबाइल ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, एवढ्या गर्दीत पोरांनी त्या रुमालाचं ऐकलं कसं? पोरं तर कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

२

घरी अव्वा होती. दानम्माची आई गंगम्मा सत्तरीच्या पुढची, कमरेचं हाड मोडल्यापासून बाजेवर. डॉक्टर म्हणाले होते, "घरी न्या, सेवा करा," आणि या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. घरात दोघीच. पहाटे टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या, अव्वाचं आवरायचं, मग ड्यूटी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो याहून निराळा नसेल. पण दानम्माची तक्रार नव्हती. लग्न मोडून ती परत आली तेव्हा सगळ्या नात्यागोत्यात एकट्या अव्वानं तिला कारण विचारलं नव्हतं.

अव्वाला मरणाची भीती नव्हती. तिचा जीव एका फोटोत अडकलेला होता. देवघराशेजारच्या भिंतीवर एका सहा वर्षांच्या पोराचा फोटो होता. मांडी घालून बसलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, डोळे मिटलेले. नवं माणूस घरात आलं की म्हणायचं, "किती गोड ध्यानाला बसलंय!" तो दानम्माचा धाकटा भाऊ वीरभद्र, घरातला भद्र्या. आणि तो फोटो तो गेल्यानंतरचा होता.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच मातीत ठेवतात. बाग सुरू असतानाच्याच त्या दुष्काळात, विहिरीच्या तळाचं पाणी पिऊन पोराला जुलाब-उलट्या लागल्या आणि एका रात्रीत खेळ आटोपला. जिवंतपणीचा एकही फोटो नव्हता. म्हणून वडलांनी, मडिवाळप्पांनी, शेजारच्या ग्यानोबाला फोटोवाला आणायला धाडलं. ग्यानोबाची वाचाच बसलेली. तो फोटोवाल्याला एवढंच म्हणाला, "पोराचा फोटू काढायचाय, बिगी चल."

आला तो तरणा गडी होता, उमरीकडून नवाच लातुरात आलेला, मुसलमान. गेलेल्या माणसाला बसवलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. नातेवाईक अजून यायचे होते, घरात रडण्याचा आवाज नव्हता. हार घालून सजवलेलं पोर बघून त्याला वाटलं, यांच्यात काही दीक्षाबिक्षा असेल आणि पोरगं मुद्दाम डोळे मिटून बसलंय. तो जिल्हाबागेत पोरांचे फोटो काढायचा. तसाच गुडघ्यावर बसून समजावायला लागला.

"ए बेटा, डोळे उघड की. फोटू खराब होतो ना. नींद आली व्हय? बरं, असू दे. उद्या जिल्हाबागेत ये, अव्वाला घेऊन ये. तुला गाडीत फुकट बसवतो. तिथं तरी उघडशील का न्हाई?"

त्याला कुणीच काही सांगितलं नाही. अप्पा जमिनीकडं बघत होते. शाळकरी दानम्मा दाराची चौकट धरून उभी होती. आतल्या खोलीत अव्वानं सगळं ऐकलं. फोटो काढून तो घाईघाईनं निघून गेला, बागेत गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

भद्र्यानं त्या गाडीसाठी सगळा उन्हाळा घर डोक्यावर घेतलं होतं. "तळ्याला पाणी येऊ दे, मग नेतो," असं अप्पा म्हणायचे. पाणी आलं, पण उशिरा, बागेला कुलूप लागल्यावर.

तेव्हापासून रोज दिवा लावताना अव्वा फोटोकडं बघून विचारायची, "उघडले का गं डोळे?" आधी लोकांना ते वेड वाटलं, मग सवय झाली. आता बाजेवरून तिचं एकच मागणं होतं. "दानू, एकदा त्याचे उघडे डोळे दिसू दे. मग मी सुटले. एवढं कर माझ्यासाठी."

बाकी सगळं दानम्मानं केलं होतं. हे कसं करायचं, ते तिला कळत नव्हतं.

३

ग्रुपवर फोटो येतच राहिले. दानम्मा घरी, खिडकीत, टँकरच्या रांगेत ते बघत राहिली. तळं भरलेलं असेल त्या फोटोंत शेवटचा डबाही पोरांनी गच्च होता. तळं आटलेलं असेल त्या प्रत्येक फोटोत शेवटच्या डब्यात ती जागा रिकामी, तिच्यावर रुमाल आणि कडेला एकटं पोरगं.

तिनं बोटांनी ताणून ताणून बघितलं. बाकीच्या पोरांचे पाय खाली लोंबत होते. याची मांडी घातलेली. कपाळ पांढुरकं. डोळे मिटलेले.

आता चौकशीच्या खिडकीत आयुष्य काढलेल्या बाईकडं कारणांना काय तोटा? लिंगायताचं पोरगं असेल. लातुरात दर दुसऱ्या कपाळाला विभूती असते. चप्पल हरवली असेल म्हणून मांडी घातली असेल. ऊन डोळ्यांवर आलं असेल. अशी तीन कारणं तिला एका दमात सापडली. माणसाला तीन कारणं सापडली की समजावं, त्याला चौथं नको आहे.

तो रुमाल मात्र तिला सोडीना. अव्वानं भद्र्याला एक रुमाल विणून दिला होता. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा राघू, दोरा संपल्यामुळं शेपूट राहून गेलेलं. शेपूट कधी लावणार, म्हणून तो रोज भांडायचा. तो रुमाल त्याच्या मांडीवर ठेवूनच त्याला मातीत ठेवलं होतं. फोटोतल्या रुमालाच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता. आणखी ताणला की त्याचे नुसते चौकोन चौकोन होत होते.

"दानू," अव्वानं बाजेवरून हाक मारली, "घंटा कसली वाजून राहिली गं?"

दानम्मानं कान दिला. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. दुरून कुठूनतरी टण, टण असा बारीक आवाज येत होता.

"गारेगारवाला असंल," ती म्हणाली आणि माठातून पाणी घ्यायला वाकली. ओघराळं हातात घेतल्यावर तिला आठवलं, की बर्फाला पाणीच नसल्यानं गारेगारचे गाडे त्या उन्हाळ्यात निघालेलेच नव्हते.

४

फोटोंच्या कोपऱ्यात शिक्का होता, 'जिलानी फोटो'; भद्र्याच्या फोटोवर होता तोच. विचारत विचारत दानम्मा गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घरी पोचली. पिशवीत तिनं भिंतीवरची तसबीर घेतली होती. जिलानीभाई म्हातारे झाले होते, दुकान कधीच बंद झालं होतं. त्यांची सून शहजादी पाणी घेऊन आली. अर्धा पेला. त्या उन्हाळ्यात अर्धा पेला म्हणजे मोठा पाहुणचार होता. दानम्मानं एक घोट घेतला आणि पेला मान देऊन परत ठेवला.

येताना तिनं प्रश्न घोकून ठेवला होता. "चाचा, एका फोटूवर दुसरा फोटू पडायचा का कधी?"

"हौ, व्हायचं की," म्हातारा हसला. "घाईत रीळ फिरवायची राहिली की एकावर एक. एकदा एका नवरीच्या मांडीवर सिमेंटचा हत्ती आला होता. लई शिव्या खाल्ल्या."

दानम्माच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढंच होतं तर! आमच्या घरून निघाला, तीच रीळ घेऊन बागेत गेला, भद्र्याचा फोटो गाडीच्या फोटोवर पडला. बाकीच्या फोटोंचं काय, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही. देव पण कशी थट्टा करतो. तिनं पिशवीतली तसबीर काढून समोर ठेवली आणि मोबाइल पुढं केला. "मग हे तसलंच असंल."

जिलानीभाईंनी मोबाइल डोळ्याला अगदी चिकटवून धरला. "हा? न्हाई बाई. हा आला होता खरंच."

"कोण?"

"हाच की. तुमच्या घरचा न्हवं का?" त्यांनी तसबिरीकडं बोट केलं. "दीक्षेच्या दिवशी डोळे उघडंना झाला. मी बोललो होतो, उद्या ये म्हनून. दुसऱ्या दिवशी हाजीर. मंग रोजच यायला लागला. जबान दिली होती, मी फुकट बसवायचो. मुकाट बसायचा बिचारा, शेवटच्या डब्यात. रुमाल टाकून जागा धरायचा. गर्दी लई झाली की मी म्हनायचो, बेटा, जरा सरक. तर म्हनायचा, अव्वा येनार हाय."

"बोलायचा?" दानम्मानं विचारलं.

"बोलायचा म्हंजे... मला तसं कळायचं. तोंड हालायचं का न्हाई, याद न्हाई बघा."

"आन दुसरी पोरं?"

"बसत न्हवती तिथं. कुनी मना केलं न्हवतं. पन बसत न्हवती."

"डोळे?"

"मिटलेलेच. जिद्दी पोरगं. अव्वा आल्यावरच उघडनार." ते मायेनं हसले. "बागेला कुलूप लागलं त्या दिवशीबी बसलेला होता. मी म्हनलो, बेटा, आता घरी जा. गेला न्हवं घरी? आता तर बालबच्चेवाला झाला असंल. काय करून राहिला?"

शहजादी दारात उभी होती. बाहेर टँकरचा भोंगा वाजत होता. दानम्मानं तसबीर पिशवीत उलटी ठेवली. या म्हाताऱ्याला आता काय सांगायचं आणि कुठल्या तोंडानं?

"हाय," ती म्हणाली. "बरा हाय."

५

अव्वाला यातलं काहीच सांगायचं नाही, असं ठरवून ती घरी आली आणि चपला काढायच्या आत सगळं सांगून बसली.

अव्वाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं असतं तर दानम्माला बरं वाटलं असतं. म्हातारी छताकडं बघत पडून राहिली. मग तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "फोटूवाल्यानं मला संगं बोलावलं होतं. मी गेले न्हाई. लेकराला इतके दिवस उन्हात बसवून ठेवलं. दानू, मला तिथं न्यून बसव."

"अव्वा, तिथं काही न्हाई. गंजलेलं लोखंड हाय आन वेडी बाभूळ हाय."

"मग न्यायला काय हरकत हाय?"

हरकत काय होती, ते दानम्माला नीट ठाऊक होतं. तिथं काही निघालं नाही, तर अव्वा तशीच तळमळत राहणार. आणि निघालं, तर अव्वा परत येणार नाही. या घरात मग दानू म्हणून हाक मारायला कुणी उरणार नव्हतं. भुताची भीती तिला एवढी वाटली नाही, जेवढी या रिकाम्या घराची वाटली. आणि भीती वाटली की तिला राग यायचा.

"आन माझं काय गं?" ती ओरडली. "गेलेल्याची एवढी काळजी. मी न्हाई का तुझी? रोज तुझ्या उशाशी कोण बसतं?"

अव्वानं हात चाचपडत तिचं मनगट धरलं. "तू माझीच हायेस. म्हणून तर तुला म्हणून राहिले. दुसऱ्या कुणाला म्हणू?"

दानम्मा खूप वेळ तिथंच रडत बसली. रडणं संपल्यावर तिनं अव्वाचं पांघरूण सारखं केलं आणि ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं निघाले. जिलानीभाईंना दानम्मानं एवढंच सांगितलं होतं, की अव्वाला बाग बघायची आहे. ते गळ्यात जुना कॅमेरा अडकवून आले. आत रीळ नव्हती. "सवय हाय," ते म्हणाले.

बागेच्या फाटकाला एकच झडप उरली होती. हत्तीची सोंड तुटून आतल्या सळया दिसत होत्या. तळ्याच्या खड्ड्यात बाभूळ माजली होती आणि तिच्या पलीकडं आगगाडी उभी होती. चाकं मातीत रुतलेली, इंजिनावरची नुसती 'नवा' एवढी अक्षरं शिल्लक. दानम्मानं मुद्दाम घंटा बघितली. घंटा कुणीतरी कधीच काढून नेली होती, नुसता आकडा होता.

रिक्षावाल्यानं अव्वाला लहान पोरासारखं उचलून शेवटच्या डब्यापर्यंत आणलं. सगळ्या बाकांवर बोट रुतेल एवढी धूळ होती. शेवटच्या डब्यात कडेची एक जागा तेवढी लख्ख होती. कुत्रं बसत असेल, असं दानम्मानं स्वतःला सांगितलं. कुत्र्याचा एक केसही तिथं नव्हता.

तिनं मानेभोवतीचा रुमाल काढला, पांढरा, निळ्या काठाचा, खिडकीत घाम पुसायला ठेवायची तो. मधली जागा पुसली, अव्वाला दोघांनी धरून बसवलं. दोन्ही हात गुंतलेले म्हणून रुमाल पलीकडच्या जागेवर टाकला. उशांशिवाय बसता न येणारी अव्वा तिथं ताठ बसली.

जिलानीभाईंनी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला. "इकडं बघा, अम्मा." मग त्यांचा कॅमेरा जरासा कडेकडं वळला आणि आवाज आपोआप बारीक झाला, पोरांशी बोलतात तसा. "आन तू बी. आली बघ अव्वा. आता तरी उघड, बेटा."

टण.

एकदाच वाजली. रिक्षावाल्यानं वळून इंजिनाकडं बघितलं. म्हणजे ती एकट्या दानम्मालाच ऐकू आली नव्हती.

अव्वा कडेच्या जागेकडं वळली. "किती तापलास रे," असं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि त्या जागेवर सावली धरली. वारा अजिबात नव्हता. पदर बाकावर पडायला हवा होता. तो पडला नाही. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्याएवढ्या उंचीवर तो तसाच राहिला. अव्वाच्या हातावर असेल, असं दानम्माला वाटलं. मग तिला अव्वाचे हात दिसले. दोन्ही हात अव्वाच्या मांडीवर होते.

दानम्मानं मान खाली घातली. चपलेच्या अंगठ्याकडं बघत ती उभी राहिली आणि अव्वानं "चला आता" म्हणेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

रिक्षात अव्वाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. "उघडले गं," अव्वा म्हणाली. "अगदी तुझ्यासारखे डोळे हायेत." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तुला विचारून राहिला होता. अक्का कुठंय म्हणून."

पुढच्या बाजूला रिक्षावाल्याशेजारी जिलानीभाई कॅमेरा पोटाशी धरून बसले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गाव जवळ आल्यावर त्यांनी मागं न बघताच विचारलं, "बाई, ते पोरगं... मोठं झालं न्हाई का?"

दानम्मानं पुढं वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी अव्वा बाजेवर उठून बसली, भिंतीला टेकली, मांडी घातली. दानम्मानं दिवा लावून मागं बघितलं तेव्हा ती गेलेली होती. तिला बसवावं लागलं नाही.

७

नातेवाईक म्हणाले, शेवटचा फोटो तरी काढू. दानम्मानं कुणाला मोबाइल वर करू दिला नाही. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. म्हणोत बापडे.

दिवस करून ती ड्यूटीवर आली. गर्दी तीच, ऊन तेच. मानेचा घाम पुसायला हात गेला आणि रुमाल नव्हता. धुण्यात नव्हता, पिशवीत नव्हता. मग तिला आठवलं, तो कुठं राहिला ते.

तिनं मोबाइल उघडला. ज्याच्याखाली तिनं थट्टा केली होती, तो फोटो काढला. थट्टा खाली तशीच होती. 'रुमाल टाकून जागा धरलीय.'

गाडी खच्चून भरलेली होती. शेवटच्या डब्यात पोराचं तोंड दिसत नव्हतं. त्यानं मान आत वळवली होती. नुसती मागची शेंडी दिसत होती. त्याचे डोळे उघडले होते की नाही, ते त्याच्या शेजारी बसलेल्या बाईलाच ठाऊक. ती बाई हिरव्या इरकली लुगड्यातली, तरुण, पदराची सावली त्याच्या डोक्यावर धरलेली. हे लुगडं अव्वा त्या उन्हाळ्यात नेसायची. ती पोराकडं बघत नव्हती. फोटोतून सरळ दानम्माकडं बघत होती. तिचा एक हात पलीकडच्या जागेवर होता आणि हाताखाली पांढरा रुमाल, निळ्या काठाचा.

दानम्मानं कारण शोधलं. तीन सोडा, एकही सापडलं नाही. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी, कुणाला सांगायची लाज वाटावी असं, तिला बरंही वाटलं. तिच्यासाठी आजवर कुणी कुठं जागा धरून ठेवलेली नव्हती.

"बाई," खिडकीपाशी एक म्हातारा उभा होता. "किनवटच्या गाडीत रुमाल टाकलाय. उलीसं पाणी पिऊन येतो. जागा जाईल का?"

मागच्या रांगेतले दोघं-तिघं गालात हसले. बाईचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

दानम्मानं मोबाइल पालथा ठेवला. "न्हाई जात," ती म्हणाली. "निवांत पाणी पिऊन या. धरलेली जागा कुठं जात न्हाई."

म्हातारा पाण्याकडं गेला. फलाटांच्या पलीकडं, उन्हात कुठंतरी, टण करून घंटा वाजली. दानम्मानं मान वर केली नाही.

"येते की," ती हळूच म्हणाली. "पण ड्यूटी संपू दे."